अमिबावरचा आळ

आपल्याकडे पोट बिघडलं की खापर फोडायला दोन हक्काची डोकी आहेत. एक 'बाहेरचं खाणं' आणि दुसरा अमिबा. "मला अमिबाचा त्रास आहे हो" हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, ऑफिसच्या कँटीनमध्ये ऐकलंय, आणि एकदा तर एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांकडूनही ऐकलंय. शाळेच्या जीवशास्त्राच्या वहीत काढलेला तो वेडावाकडा ठिपका आपल्या घरांत इतका रुळलाय, जणू दर मे महिन्यात मुक्कामाला येणारा दूरचा आतेभाऊच. आमच्या बाबांनाही 'अमिबा होता'. तो कोणी पाहिला, कधी पाहिला, हे कोणी विचारलं नाही.

२०११ च्या पावसाळ्यात माझ्या चार वर्षांच्या मुलीला जुलाब सुरू झाले. दुसऱ्या दिवशी ताप चढला आणि आंव पडायला लागली, आंवेत रक्त. बिचारी दर दहा मिनिटांनी कुंथत बसायची आणि पडायचं चमचाभरच. जवळच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "अमिबा आहे. सध्या साथच आहे." मेट्रोनिडाझोलचं औषध लिहून दिलं. आईचा गावाहून फोन आला, "कुड्याचं पाळ उगाळून ताकातून दे रे, तुझ्या बाबांना त्यानेच उतार पडायचा." दोन्ही दिलं. (कुड्याच्या सालीतलं कोनेसिन हे द्रव्य अमिबावर खरोखर काम करतं, त्यामुळे आईला हसू नये.) तिसऱ्या रात्री ताप १०४ वर गेला आणि तिला आकडी आली. ती रात्र मी इथे लिहिणार नाही.

इस्पितळात तिच्या शौचाचं कल्चर केलं आणि तीन दिवसांनी रिपोर्ट हातात पडला. त्यावर अमिबा नव्हताच. दोनच शब्द होते: शिगेला फ्लेक्सनेरी. खाली अँटिबायोटिक्सची यादी आणि बहुतेकांसमोर 'आर' हे अक्षर, म्हणजे रेझिस्टंट. सेफ्ट्रिआक्झोनसमोर 'एस' होता. सुदैवाने डॉक्टरांनी रिपोर्टची वाट न पाहता आधीच ते इंजेक्शन सुरू केलं होतं आणि पोरगी एव्हाना बिस्किट मागत होती.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. एरर मेसेज कळला नाही की मला झोप लागत नाही. त्या रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून त्या दोन शब्दांचा मागोवा घ्यायला लागलो, आणि नंतर कित्येक वीकांत त्यातच गेले. 'शिगेला' हे नाव मला आधी इटालियन वाटलं होतं. ते निघालं जपानी.

१८९७ साल म्हटलं की आपल्याला काय आठवतं? पुण्यातला प्लेग, गणेशखिंडीचा रस्ता, रँड आणि चापेकर बंधू. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत हाफकिनने आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि ऑगस्टमध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला. जंतुशास्त्राचा तो सुगीचा काळ होता. आणि त्याच वर्षी जपानात हगवणीची प्रचंड साथ आली होती. तिकडे या रोगाला 'सेकिरी' म्हणतात, शब्दशः लाल जुलाब. सहा महिन्यांत ९१ हजारांच्या वर लोक आजारी पडले आणि दर पाच रोग्यांमागे एकाहून जास्त दगावला.

हगवण काही नवी नव्हती. फौजांचा तर तो जुना सोबती. १७९२ मध्ये वाल्मीला फ्रेंच क्रांतीचं सैन्य चिरडायला निघालेल्या प्रशियाच्या फौजेला तोफांच्या बरोबरीने हगवणीनेही नमवलं होतं. पण रोग जुना असला तरी त्याचं कारण कोणालाच माहीत नव्हतं. किंवा असं म्हणू, की एक संशयित पकडलेला होता.

तो संशयित म्हणजे आपला अमिबा. १८७५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये लॉश नावाच्या डॉक्टरला एका शेतकरी रुग्णाच्या शौचात सूक्ष्मदर्शकाखाली ढिगाने अमिबा हलताना दिसले. ते त्याने कुत्र्यांना टोचूनही पाहिले. गंमत अशी की खुद्द लॉशने अमिबाला दोषी ठरवलं नव्हतं. आधीच सुजलेलं आतडं अमिबा चिघळत ठेवतो, एवढंच त्याचं म्हणणं. पण पुढच्या लोकांना इतका संयम नव्हता. इजिप्तमध्ये हगवणीने मेलेल्यांच्या आतड्यांत कॉखला अमिबा दिसले, अलेक्झांड्रियाला कार्तुलिसला दिसले आणि १८९१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून 'अमिबिक डिसेंट्री' हे नावच रूढ झालं. त्यात चूक काही नव्हती. अमिबाची हगवण खरोखर असते, यकृतात गळू करते, माणूस मारते. पण जपानातल्या त्या साथीत अमिबा काही सापडत नव्हता.

आता कियोशी शिगा. वय २६, गेल्याच वर्षी टोकियो विद्यापीठातून डॉक्टर झालेला. जन्म सेंदाईचा, सामुराई घराण्यातला, पण मेइजी राज्यक्रांतीनंतर सामुराईंची मिरास गेली आणि बापाची नोकरीही. पोराला आजोळी ठेवलं, आडनावही आजोळचंच लावलं. (आपल्याकडच्या संस्थानं गेलेल्या सरदारांच्या घरातल्या गोष्टी ऐकल्यासारख्या वाटतात ना?) नोकरी मिळाली ती शिबासाबुरो कितासातोच्या संस्थेत. कितासातो म्हणजे बर्लिनला कॉखच्या हाताखाली तयार झालेला, १८९४ च्या हाँगकाँगच्या प्लेगमध्ये जंतू शोधणाऱ्या दोघांपैकी एक. त्याने या नवख्या पोराच्या हातात साथ ठेवली: कारण शोध.

अडचण कुठे होती ते लक्षात घ्या. कॉलऱ्याचा जंतू शोधताना निदान तो चटकन ओळखू येणारा तरी असतो. पण माणसाच्या मोठ्या आतड्यात निरोगीपणीही अब्जावधी जंतू नांदत असतात. हगवणीच्या रुग्णाच्या शौचात जंतू सापडला यात बातमी ती काय? तिथे जंतूंचीच जत्रा आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग फाईलमध्ये लाखो ओळी आहेत आणि त्यातल्या निम्म्या 'वॉर्निंग' म्हणून रोजच येतात. सिस्टिम कोसळली त्या दिवशीही त्या होत्या, कोसळली नाही त्या दिवशीही होत्या. नवीन आलेला पोरगा हमखास त्यातल्याच एका ओळीवर बोट ठेवतो.

शिगाने लॉगवर विश्वासच ठेवला नाही. तो रुग्णाच्या रक्ताकडे वळला. एकच वर्ष आधी, १८९६ मध्ये, पॅरिसला विडालने दाखवलं होतं की टायफॉइड झालेल्या माणसाचा रक्तद्रव टायफॉइडच्या जंतूंत मिसळला की ते जंतू एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. ही तीच 'विडाल टेस्ट', जी आजही आपल्याकडे ताप दोन दिवस टिकला की लिहून देतात. शिगाने ही युक्ती उलटी वापरली. विडालच्या हातात ओळखीचा जंतू होता आणि प्रश्न माणसाचा होता. शिगाच्या हातात नक्की हगवण झालेला माणूस होता आणि प्रश्न जंतूचा. मग ३६ रुग्णांच्या शौचांतून जंतू वेगळे करायचे, वाढवायचे आणि हगवणीतून उठलेल्या माणसांच्या रक्तद्रवात एकेक घालून बघायचे. ज्याची गुठळी होईल त्याला त्या शरीराने शत्रू म्हणून ओळखलेलं आहे. बाकीचे नुसते बघे.

एका काडीसारख्या, अजिबात न हलणाऱ्या जंतूची गुठळी झाली. पुन्हा पुन्हा तोच. निरोगी लोकांत तो सापडेना. १८९७ च्या अखेरीस जपानीत आणि १८९८ मध्ये जर्मनमध्ये निबंध छापून आला, एकट्या शिगाच्या नावावर. कितासातोने आपलं नाव लावायला नकार दिला होता. संशोधनाच्या जगात वावरणाऱ्या वाचकांना हे वाक्य दोनदा वाचावंसं वाटेल.

पुढे मग झुंबड उडाली. जर्मनीत क्रूसेने १९०० मध्ये तोच जंतू शोधला आणि श्रेयावरून शिगाशी वाद घातला. अमेरिकन फौजा फिलिपिन्समध्ये हगवणीने बेजार होत्या, तिथे सायमन फ्लेक्सनरला त्याचा थोडा वेगळा भाऊ सापडला. माझ्या मुलीच्या रिपोर्टातला तोच. डेन्मार्कचा सोन, आणि १९३० च्या दशकात भारतातल्या ब्रिटिश लष्करातला डॉक्टर बॉइड, यांनी उरलेले दोन ओळखले. १९१९ साली सगळ्या कुटुंबाला शिगेला हे नाव मिळालं. चार भावंडांत सगळ्यात जहाल मात्र शिगाने पकडलेला पहिलाच. तो एक विष सोडतो, जे आपल्या पेशीत प्रथिनं तयार करणारं यंत्रच बंद पाडतं. त्यातून मुलांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. हे विष बनवायची रेसिपी विषाणूंमार्फत काही ई. कोलाय जंतूंकडेही गेली आहे. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या साथीत पन्नासावर माणसं मेली ती याच विषाने.

शिगाची स्वतःची गोष्ट फार सुखाची नाही. त्याने मेलेल्या जंतूंची लस करून आधी स्वतःला टोचून घेतली, ती फार झोंबली आणि फार उपयोगीही ठरली नाही. हगवणीवर सर्रास दिली जाणारी लस आजही नाही. फ्रँकफुर्टला एर्लिखकडे काम केलं, कोरियात विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, जपानचा मोठा सन्मान मिळाला. युद्धाच्या वर्षांत घरातली माणसं गेली, टोकियोवरच्या बॉम्बहल्ल्यात घरही गेलं. १९५७ मध्ये सेंदाईकडेच वारला.

तर १९०० नंतर वैद्यकाच्या पुस्तकात दोन हगवणी झाल्या. एक जंतूची: अचानक येते, ताप आणते, वणव्यासारखी पसरते. दुसरी अमिबाची: हळूहळू सुरू होते, ताप बेताचा, रेंगाळते, एखाददुसऱ्या माणसाला होते, गावंच्या गावं आडवी करत नाही. १९१३ मध्ये मनिलाच्या तुरुंगात वॉकर आणि सेलार्ड्स यांनी २० कैद्यांना अमिबा खायला घातले (आज असा प्रयोग करणाऱ्याला तुरुंगात घालतील). १८ जणांच्या पोटात अमिबा घर करून राहिला, पण हगवण झाली फक्त चौघांना. म्हणजे अमिबा पोटात असणं आणि अमिबाने आजारी असणं या दोन वेगळ्या गोष्टी. १९२५ मध्ये फ्रान्सच्या ब्रंपने त्याही पुढे जाऊन सांगितलं की मुळात हे दोन अमिबा आहेत, सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब सारखे, एक मारका आणि एक अगदी निरुपद्रवी. त्याचं कोणी ऐकलं नाही. ६८ वर्षं ऐकलं नाही.

सगळी माहिती अशी छापलेली, कपाटात लावलेली होती. आणि तरीही १९६९ साल उजाडलं.

ग्वाटेमालाच्या खेड्यांत माणसं रक्त हगून मरायला लागली. विशेषतः मुलं. डॉक्टरांनी शौच तपासलं, अमिबा दिसला. त्या मुलखात तो कोणाच्याही शौचात दिसला असता, जसा आपल्याकडेही दिसतो. शिवाय आतड्याला सूज असली की आपल्याच रक्तातल्या मोठ्या पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात आणि घाईत पाहणाऱ्याला त्या अमिबासारख्याच दिसतात. निदान ठरलं: अमिबा. औषध ठरलं: एमेटिन. हे औषध कलकत्त्यात लेनर्ड रॉजर्सने १९१२ मध्ये अमिबाच्या हगवणीवर इंजेक्शनने वापरून नावारूपाला आणलं होतं आणि खऱ्या अमिबावर ते चालायचंही. पण ते हृदयावर वाईट परिणाम करतं. म्हणजे मुळात रक्त आणि पाणी गमावून अर्धमेल्या झालेल्या माणसाला चुकीच्या रोगासाठी वरून विषारी औषध. माणसं मरतच राहिली.

वणव्यासारखी पसरणारी, ताप आणणारी हगवण अमिबाची नसते हे पुस्तकात होतं. मग कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? मला वाटतं यात निव्वळ आळस नव्हता. एक म्हणजे शिगाचा मूळ जंतू त्या खंडात कित्येक दशकांत साथ म्हणून कोणी पाहिलेलाच नव्हता. तो इतिहासजमा समजला जात होता. दुसरं, तो स्वभावाने नाजूक आहे. नमुना प्रयोगशाळेत पोचायला उशीर झाला की मरतो, आणि हगवणीचे जंतू वाढवायला तेव्हा सर्रास वापरली जाणारी जी माध्यमं होती, त्यांतल्या काहींत तो वाढतच नाही. म्हणजे लॅबने प्रामाणिकपणे कल्चर लावलं तरी ताटलीवर काही उगवायचं नाही. अमिबा मात्र पाच मिनिटांत काचेवर दिसायचा. चावी हरवली अंधारात आणि शोधतोय दिव्याखाली, कारण तिथे उजेड आहे.

गाठ सोडवली ती ग्वाटेमाला शहरातल्या पोषण संस्थेत काम करणाऱ्या लिओनार्दो माता या कोस्टा रिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने आणि अटलांटाच्या सीडीसीतल्या यूजीन गँगरोसा वगैरे मंडळींनी. ताजे नमुने, योग्य माध्यमं, आणि निघाला शिगाने १८९७ मध्ये पकडला होता तोच. बहात्तर वर्षांनी. पण पुढचा धक्का वेगळाच होता. त्याच्यावर सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल, यातलं काहीच चालत नव्हतं. म्हणजे ज्या डॉक्टरांनी बरोबर निदान केलं असेल, त्यांचंही हातातलं औषध निकामी. अँपिसिलिन तेवढं उरलं होतं. एकट्या ग्वाटेमालात लाखावर लोक आजारी पडले. १९७३ पर्यंत सगळ्या मध्य अमेरिकेत मिळून पाच लाखांवर रुग्ण आणि सुमारे २० हजार मृत्यू झाले.

चारही औषधांना एकदम पुरून उरणं ही कला त्याने कुठून आणली? याचंही उत्तर पुन्हा जपानातच, आणि माझ्या रिपोर्टावरच्या त्या 'आर'च्या रांगेचा उगमही तिथेच. युद्धानंतर जपानात हगवण बोकाळली आणि तिच्यावर सल्फाच्या गोळ्यांचा मारा झाला. काही वर्षांतच सल्फा लागू पडेना. मग नवी अँटिबायोटिक्स आली. १९५५ मध्ये हाँगकाँगहून परतलेल्या एका बाईच्या पोटातला शिगेला एकाच वेळी चारही औषधांना दाद देईना. आता उत्क्रांतीचं साधं गणित सांगतं की एकेका औषधाला तोंड देणारा बदल लाखो-कोट्यवधी जंतूंमागे एखाद्यातच होतो. चार बदल एकाच जंतूत एकदम व्हायला विश्वाचं वयसुद्धा पुरायचं नाही. डॉक्टरांना आणखी एक विचित्र गोष्ट दिसली. त्याच रुग्णांच्या आतड्यातले साधे, निरुपद्रवी ई. कोलायसुद्धा त्याच चार औषधांना पुरून उरत होते.

१९५९ मध्ये ओचियाई आणि अकिबा यांच्या दोन वेगवेगळ्या गटांनी सोपा प्रयोग केला. औषधाला न जुमानणारे ई. कोलाय आणि औषधाने मरणारे शिगेला एकत्र ठेवले. थोड्या वेळाने शिगेलाही औषधाला जुमानेनासे झाले. जंतू एकमेकांना डीएनएचं एक वाटोळं कडं देत होते, ज्यावर चारही औषधांचे तोडगे एकत्र लिहिलेले होते. आम्ही पेन ड्राइव्हवर दुसऱ्याचा कोड घेऊन येतो तसंच, आणि तितक्याच बेफिकिरीने. त्सुतोमू वातानाबे यांनी १९६३ मध्ये हे सगळं इंग्रजीत नीट मांडलं तेव्हा कुठे पश्चिमेकडचे लोक जागे झाले. नंतर सहा वर्षांत ग्वाटेमाला.

तशी ही हुशारी औषधांच्याही आधीची आहे. १९१५ च्या मार्चमध्ये फ्रान्समधल्या एका लष्करी इस्पितळात अर्नेस्ट केबल नावाचा ब्रिटिश शिपाई हगवणीने मेला. त्याच्या शरीरातून काढलेला जंतू पुढे ब्रिटनच्या जंतूंच्या सरकारी संग्रहात 'क्रमांक १' म्हणून जपून ठेवला गेला. हा शिगेला फ्लेक्सनेरीच. २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला जागवून त्याचा सगळा डीएनए वाचला, तर तो पेनिसिलिनला दाद देत नव्हता. फ्लेमिंगला पेनिसिलिन दिसलं १९२८ मध्ये. हे वाचल्यावर मी लॅपटॉप मिटून बाल्कनीत जाऊन उभा राहिलो होतो.

ग्वाटेमालानंतर तोच प्रकार आपल्या दारात आला. १९७० च्या दशकात बांगलादेश, श्रीलंका, दक्षिण भारत. १९८४ मध्ये पश्चिम बंगालमध्ये साडेतीन लाख लोक आजारी पडले आणि साडेतीन हजार मेले. याच बंगालने १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांच्या हातून मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्याचे हजारो रुग्ण वाचवले होते. पण कॉलरा शरीरातलं पाणी पळवतो, ते परत भरलं की माणूस उठतो. शिगेला आतड्याच्या पेशींत शिरतो, एका पेशीतून शेजारच्या पेशीत बोगदा खणत जातो. तिथे नुसत्या पाण्याने भागत नाही, आणि औषधं एकेक करून गळत चाललेली. १९९४ मध्ये रवांडातून गोम्याच्या छावण्यांत लोटलेल्या निर्वासितांपैकी पहिल्याच महिन्यात जवळपास ५० हजार मेले, कॉलरा आणि हगवण मिळून. शिगेलाला माणसाच्या पोटात पाय रोवायला दहा ते शंभर जंतू पुरतात. कॉलऱ्याला लाखो लागतात. एका न धुतलेल्या हातावर किती मावतात याचा हिशेब तुम्हीच करा.

इकडे अमिबाचं काय झालं? १९९३ मध्ये ब्रंपचं म्हणणं अखेर मान्य झालं. निरुपद्रवी अमिबाला त्यानेच सुचवलेलं 'डिस्पार' हे नाव मिळालं आणि लक्षात आलं की जगभर शौचात 'सापडलेल्या' अमिबांत बहुसंख्य हेच बिचारे होते. २००५ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचना स्पष्ट सांगतात: लहान मुलाच्या जुलाबात रक्त दिसलं तर आधी शिगेला समजून उपचार करा, अमिबाचा विचार नंतर. २०१६ मध्ये आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या, कोलकाता धरून, सात ठिकाणच्या मुलांचे जुने नमुने नव्या जनुकीय तपासणीने पुन्हा पाहिले, तेव्हा जुलाबाच्या कारणांत शिगेला पहिल्या नंबरावर आला. कल्चरमध्ये दिसला होता त्याच्या जवळपास दुप्पट.

यातलं तेव्हा जेवढं हाती लागलं तेवढं वाचूनच माझं रक्त तापलं होतं. मुलगी घरी आल्यावर पंधरा दिवसांनी तो रिपोर्ट आणि त्या सूचनांची प्रिंट घेऊन मी आमच्या पहिल्या डॉक्टरांकडे गेलो. भांडायच्याच तयारीने. बाहेर तीसेक पेशंट बसलेले, त्यातले बरेच रोजंदारीवरचे. माझा नंबर दीड तासाने लागला.

त्यांनी रिपोर्ट पूर्ण वाचला. मुलीची चौकशी केली. मग विचारलं, "कल्चरचे किती घेतले?" मी आकडा सांगितला.

"बाहेर बसलेल्यांपैकी किती जण देतील? आणि दिले तरी रिपोर्टला तीन दिवस. तोवर मी काय देऊ?"

मी प्रिंट पुढे केली. त्यात लिहिलं होतं, सिप्रोफ्लोक्सासिन द्यावं.

डॉक्टरांनी माझ्याच रिपोर्टवर बोट ठेवलं. यादीत चौथ्या ओळीवर सिप्रोफ्लोक्सासिन होतं आणि त्याच्यासमोर 'आर'.

थोडा वेळ दोघंही गप्प होतो. बाहेर एक मूल रडत होतं. मग ते म्हणाले, "याची एक झेरॉक्स द्याल का मला?" समोरच्या स्टेशनरीच्या दुकानातून मी दोन काढून आणल्या.